सरांची मुलगी

आमच्या मुलीला घरात सगळे छोटी म्हणतात. ती आता आईपेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव काही बदललं नाही. तिला सतरावं लागलं तेव्हा मी ठरवलं, आता बापाने बोललं पाहिजे. तयारी चांगली केली. अंघोळ करताना बोलून पाहिलं, गाडी पुसताना बोलून पाहिलं. मग एका संध्याकाळी जेवताना घसा खाकरला आणि म्हणालो, "हे बघ छोटी, शिक्षण पूर्ण होईपर्यंत असलं काही आपल्या घरात चालणार नाही."

"असलं म्हणजे कसलं?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

"तुला कळतंय मला काय म्हणायचंय ते."

माझी बायको कोर्टात लघुलेखक आहे. लोकांचं बोलणं शब्दशः उतरवून घेणं हे तिचं काम, आणि ते काम ती घरीही सोडत नाही. ताटातून मान वर न करता ती म्हणाली, "मी काय उतरवून घेऊ? 'तेच' एवढंच?"

दोघी हसल्या. माझं भाषण पहिल्याच वाक्याला आडवं झालं, पण मी हट्टी माणूस, उरलेलं तसंच रेटलं. त्यात काही बरे मुद्देही होते. नको असेल तर नाही म्हणायला घाबरायचं नाही. 'नाही'चं कारण द्यायला आपण कुणाला बांधील नाही. कुणी मागे लागला तर सरळ संबंध तोडून टाकायचा. छोटीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "झालं? उठू?"

आता माझ्या धंद्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं. मी गाडी चालवायला शिकवतो. एक छोटी गाडी, छपरावर पाटी, आणि शेजारच्या सीटखाली माझा स्वतःचा ब्रेक आणि क्लच. या कामात एक मजा आहे. शिकणारा आणि शिकवणारा दोघंही समोर बघत असतात. तोंडाकडे कुणी बघत नाही म्हटल्यावर माणसं काय वाटेल ते बोलतात. कुणी सासूबद्दल बोलतं, कुणी साहेबाबद्दल. एका काकूंनी तर चढावर गाडी थांबवून मला त्यांच्या धाकट्या जावेची सगळी हकिगत सांगितली, आणि मी खाली ब्रेक दाबून बसलो होतो. मग मी सल्ला देतो. माझा सल्ला उदार असतो, शांत असतो, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला फार आवडतो. घरी जो माणूस 'तेच' म्हणून अडकतो, तोच गाडीत बसला की त्याच्या जिभेवर सरस्वती नाचते.

या गाडीत एक दिवस बंदू आला. बंडू नव्हे, बंदू. शिकणाऱ्यांना मी मनातल्या मनात नावं ठेवतो, आणि हा पोरगा दर चौकात गाडी बंद पाडायचा म्हणून बंदू. अठरा नुकतंच पूर्ण झालेलं. उंच, चष्मा, आणि कमालीचा सभ्य. गाडी बंद पडली की मला 'सॉरी सर' म्हणायचा, मागे हॉर्न वाजवणाऱ्याला हात दाखवून सॉरी म्हणायचा, आणि एकदा तर स्टिअरिंगवर थाप मारून गाडीलाही म्हणाला.

एकदा फर्निचरच्या गोदामामागच्या रिकाम्या जागेत मी त्याला रिव्हर्स शिकवत होतो. तो मान मागे वळवून म्हणाला, "सर, एक विचारू? गाडीबद्दल नाहीये."

"विचार की."

"एक मुलगी आहे."

"असणारच," मी म्हणालो. मला अशी सुरुवात आवडते.

मुलगी चांगली होती. हुशार होती, स्पष्ट बोलायची. दोघं वाचनालयात भेटायचे, बाहेरच्या बाकावर बसून बोलायचे. अडचण तिच्या वडिलांची होती.

"कसला माणूस आहे?" मी विचारलं.

"ती म्हणते, मनाने चांगले आहेत. कुठेतरी शिकवतात. पण घरी एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. आणि शेवटी त्यांना नक्की काय म्हणायचं होतं ते कुणालाच कळत नाही."

मी पोट धरून हसलो. म्हणालो, "असतात रे असे बाप. स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात पडलेले."

"मग मी काय करू?"

मी सीटला टेकलो. असे क्षण माझ्या धंद्यात रोज येत नाहीत. म्हणालो, "हे बघ, तिला घरी खोटं बोलायला लावू नकोस. तुझ्यासाठी ती खोटं बोलली तर तो अर्धा दोष तुझा. सरळ तिच्या घरी जा, बेल वाजव, मी अमुक अमुक, तुमच्या मुलीचा मित्र आहे, असं सांग. बाप ओरडेल. ओरडू दे. ओरडणारा बाप म्हणजे घाबरलेला बाप."

शेवटचं वाक्य मला इतकं पसंत पडलं की पुढच्या तासाला ते मी चढावरच्या काकूंनाही ऐकवलं. त्यांना मुलगीच नाही, पण त्यांनी मान डोलावली.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आमच्या घराची बेल वाजली. मी तेव्हा मिशांना कलप लावून, गळ्यात टॉवेल अडकवून, तो वाळायची वाट बघत बसलो होतो. दार मीच उघडलं. समोर बंदू. इस्त्रीचा शर्ट, हातात फळांची पिशवी.

मला वाटलं परीक्षेच्या कागदांसाठी आला असेल. पण त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तो म्हणाला, "सर, तुम्ही इथे काय करताय?"

"मी इथे राहतो."

बंदूने दारावरची पाटी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा पाटी वाचली. मला गाडीत सगळे 'सर' म्हणतात, त्यामुळे त्याला माझं आडनाव कधी कळण्याचं कारणच नव्हतं. माझ्या मागून छोटी आली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "ये ना आत. बाबा, हा माझा मित्र. तू ओळखतोसच."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी ओरडलो. काय ओरडलो ते आता नीट आठवत नाही, बायकोला विचारलं तर मिळेल. त्यात 'माझ्या घरात', 'माझ्या गाडीत' आणि 'माझ्याच पोटच्या पोरीने' असे तुकडे होते. मिशांवर कलप असल्यामुळे ओठ फार हलवता येत नव्हते, त्यामुळे जो परिणाम साधायचा होता तो साधला नाही.

बंदू दारातच उभा होता. त्याची काही चेष्टा करायची इच्छा नव्हती, तो खरोखरच आठवून आठवून बोलत होता. "सर, तुम्हीच म्हणाला होतात. ओरडणारा बाप म्हणजे घाबरलेला बाप."

आतून बायको बाहेर आली. "पुन्हा सांग बाळ. काय म्हणाले होते ते? सावकाश सांग."

त्याने सगळं सांगितलं. खोटं बोलायला न लावण्याबद्दल, अर्ध्या दोषाबद्दल, आणि स्वतःच्या आवाजाच्या प्रेमात पडलेल्या बापांबद्दलही. तो प्रामाणिक मुलगा, त्याने काहीच गाळलं नाही. बायकोने मध्ये एकदाही त्याला अडवलं नाही. मी तोंड धुवायला आत गेलो आणि बराच वेळ आतच राहिलो. त्या गडबडीत कलप जास्त वेळ राहिला आणि पुढचे कित्येक दिवस मी बुटाच्या पॉलिशने मिशी काढल्यासारखा दिसत होतो.

बंदू गेल्यावर मी छोटीला समोर बसवलं. "तू मुद्दाम त्याला माझ्याकडे पाठवलंस?"

"हो. त्याला गाडी शिकायची होतीच. मी म्हटलं, हे सर चांगले आहेत. ते खरंच आहे."

"आणि मी तुझा बाप आहे हे सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं असतं तर तो तुझ्यासमोर शहाण्यासारखा वागला असता आणि तू त्याची उलटतपासणी घेतली असतीस. मला वाटलं, तुम्ही दोघं मला वगळून एकमेकांना बघा आधी. बाबा, एक सांग. त्याला तू इतकं चांगलं सांगितलंस. मला 'तेच' म्हणून गप्प बसवलंस. त्याला एक आणि मला एक, असं का?"

उत्तर माझ्या तोंडून विचार न करताच निघून गेलं. "तो दुसऱ्याचा मुलगा आहे."

आपण किती मोठं खरं बोलून बसलो, हे माझं मलाच हळूहळू कळत गेलं. दुसऱ्याच्या मुलाचं काय व्हायचं ते होवो, म्हणून त्याच्याशी मी खरं बोलू शकत होतो. स्वतःच्या मुलीशी बोलताना मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीलाच मी संस्कार असं नाव देऊन ठेवलं होतं.

त्या दिवशी एवढंच ठरलं की छोटी कुठे जाते ते सांगून जाईल, आणि मी मागे जाणार नाही. तिने तिचा शब्द पाळला. माझं सांगायला लाज वाटते. एकदा ती दोघं तळ्याकडच्या रस्त्याने चालत जाताना मला दिसली. तेव्हा गाडी त्या चढावरच्या काकू चालवत होत्या. मी म्हणालो, "काकू, आज आपण अगदी हळू चालवायचा सराव करू. त्या समोरच्या दोघांच्या मागे मागे घ्या." काकूंना बिचाऱ्यांना काय माहीत. त्या जीव लावून हळू चालवत राहिल्या. थोड्या वेळाने माझा फोन वाजला.

"बाबा," छोटी म्हणाली. तिने मागे वळूनही बघितलं नव्हतं. "काकूंना दुसरा गिअर टाकायला सांग. तुमच्या मागे रांग लागलीये."

असे काही महिने गेले. बंदू घरी यायला लागला, चहा घ्यायला लागला. आणि खरं सांगू का, मला तो आवडायला लागला. माझं बोलणं पूर्ण ऐकून घेणारा आमच्या घरातला तो एकटाच होता.

मग एका सकाळी तो क्लासला आला आणि गाडी एकदाही बंद पडली नाही. चौक झाला, चढ झाला, बाजाराची गर्दी झाली. मी खूश होऊन म्हणालो, "आज काय जादू केलीस?" त्याने नुसता गिअर बदलला. मी पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून बघितलं. डोळे सुजलेले होते. आज त्याला गाडीची काळजीच वाटत नव्हती, म्हणून ती नीट चालत होती.

"सर, तुम्हाला माहीत नाही?" तो म्हणाला. त्याने गाडी कडेला घेतली, अगदी शिकवल्याप्रमाणे आरसा बघून. "तिचा परवा मेसेज आला. आपण इथेच थांबूया, कारण विचारू नकोस. मग तिने मला ब्लॉक केलं." चष्मा काढून तो शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. "माझं काय चुकलं सर? तुम्ही दोघांनाही ओळखता. तुम्ही सांगा."

मला त्या क्षणी पहिल्यांदा काय वाटलं ते लपवत नाही. आनंद वाटला. सुटलो एकदाचे, असंच वाटलं. बंदू चष्मा पुसतच होता, काच स्वच्छ झाली तरी पुसत होता. तेव्हा माझा आनंद संपला. पोराने मुलीला दुखावलं तर काय करायचं, याची तयारी मी तिच्या जन्मापासून करत होतो. माझ्या मुलीने पोराला दुखावलं तर काय करायचं, हा विचार माझ्या मनाला कधी शिवलाच नव्हता. जो माणूस कधीही, कुणालाही सल्ला द्यायला तयार असतो, तो म्हणाला, "मला माहीत नाही रे."

दुपारी घरी आलो तर छोटी खाली पार्किंगमध्ये सायकल उलटी करून बसली होती. टायर काढलेलं, ट्यूब बादलीतल्या पाण्यात दाबून कुठून बुडबुडे येतात ते बघत होती. मी शेजारच्या कट्ट्यावर बसलो.

"कळलं ना तुला?" ती म्हणाली. "मग आनंद झाला असेल."

"झाला. थोडा वेळ."

"मग?"

"मग त्याचा चेहरा बघितला."

तिने ट्यूब पुढे सरकवली. "मी काही चूक केलेली नाही. तूच सांगितलं होतंस. नको असेल तर नाही म्हणायचं, कारण द्यायला कुणी बांधील नाही. संबंध तोडून टाकायचा."

माझं भाषण तिने खरोखर ऐकलं होतं. एवढी वर्षं मी हीच तक्रार करत होतो की ही ऐकत नाही.

"सांगितलं होतं," मी म्हणालो. "आणि ते अजूनही खरं आहे. तुला नको असेल तर नको, त्यात कुणाची परवानगी लागत नाही. पण ते मी नाही म्हटलेलं न ऐकणाऱ्या माणसाबद्दल सांगितलं होतं. त्याने तुला काही त्रास दिला का? खरं सांग."

"नाही ना. तेच तर." तिचा आवाज बारीक झाला. "त्याने काहीच केलं नाही. मला कंटाळा आला, बाबा. तो बोलत असला की मी दुसराच विचार करत असते. हे कुणाच्या तोंडावर कसं सांगायचं? मी समोर गेले तर तो रडेल. तो रडला तर मी म्हणेन, बरं, राहू दे, जाऊ दे. आणि मग पुन्हा तेच. म्हणून ब्लॉक केलं."

म्हणजे तीही घाबरली होती. मला तिला रागवायचं होतं, ते जागच्या जागी विरून गेलं.

"तू कसं सांगितलं होतंस?" तिने विचारलं. "आईच्या आधी कुणाला तरी."

"आईच्या आधी कुणी नव्हतंच. मला कुणाला सोडायची संधीच मिळाली नाही. आणि आईलाही मी विचारलं नव्हतं, तिनेच मला विचारलं होतं. मी तेव्हाही काहीतरी लांबलचक बोलत होतो, तिने मध्येच थांबवून विचारलं."

छोटी हसली. खूप दिवसांनी माझ्याबरोबर हसली. मग आम्ही दोघं तिथेच बसून ते वाक्य शोधायला लागलो. माझी वाक्यं सगळी लांब होती. तिने एक करून बघितलं: "तू खूप चांगला आहेस, पण..."

"'पण' ऐकलं की त्याच्या आधीचं सगळं पुसलं जातं," मी म्हणालो. "मी दर परीक्षेच्या निकालाला बघतो. तुम्ही छान चालवलीत, पण, असं म्हटलं की माणूस तिथेच पडतो."

"मग 'पण' नकोच."

"नकोच."

बायको कामावरून आली तेव्हा आम्ही बादलीच्या दोन बाजूंना बसलो होतो. तिने सगळं ऐकून घेतलं, पर्स खांद्यावरून न उतरवता. म्हणाली, "असं म्हण: मला आता तसं वाटत नाही. तुझं काही चुकलेलं नाही. मी परत येणार नाही. झालं. एवढं सांग आणि तो काय म्हणतो ते ऐकून ये. ऐकताना मध्ये बोलू नकोस. रडायला आलं तर रड, पण वाक्य बदलू नकोस."

ही बाई रोज कोर्टात माणसं कशी अडखळतात ते ऐकते. मला तिच्याकडे शिकायला जायला हवं होतं, पण लग्न झाल्यावर ते जमत नाही.

दुसऱ्या दिवशी छोटीने बंदूला वाचनालयासमोर बोलावलं. निघताना तिने मला बजावलं, "आणि तुझी पाटीवाली गाडी त्या रस्त्याला दिसता कामा नये." मी गाडी घरासमोर लावली आणि किल्ली बायकोकडे देऊन टाकली, कारण माझा माझ्यावर भरवसा नव्हता. छोटीला यायला उशीर व्हायला लागला तसा मी आधी पेपर वाचला, मग जुना पेपर वाचला, मग खिडकीत जाऊन उभा राहिलो.

ती आली. तोंड धुतलं, फोन चार्जिंगला लावला आणि जेवायला बसली. माझ्या जिभेवर किती तरी प्रश्न होते. बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी भाताचं भांडं उचललं आणि विचारलं, "वाढू का?"

"वाढ." थोडं खाऊन झाल्यावर ती आपणहून म्हणाली, "रडला. मीही रडले. पण वाक्य नाही बदललं." मग काही वेळ ती नुसतीच भात कालवत राहिली. "शेवटी तो मला थँक यू म्हणाला. बाबा, तो चिडला असता तर बरं झालं असतं."

मी तिला आणखी थोडं वरण वाढलं. तिने नको म्हटलं नाही.

बंदूने उरलेले क्लास माझ्याकडेच केले. पहिल्या दिवशी गाडीत बसता बसता तो म्हणाला, "सर, चालेल ना तुम्हाला?" मी म्हणालो, "मला चालेल, तुला जमेल का बघ." त्याने छोटीबद्दल कधी विचारलं नाही आणि मीही कधी काही सांगितलं नाही. बोलायचं टाळणं मला किती जड गेलं ते फक्त त्या ब्रेकला माहीत, उगाचच तो दाबला जायचा. दुसऱ्या खेपेला तो पास झाला. मी घरी सांगितलं तेव्हा छोटी म्हणाली, "बरं झालं," आणि खरंच बरं वाटल्यासारखी हसली.

हल्ली छोटी संध्याकाळी फोनवर बोलताना गच्चीवर जाते. मी बायकोला विचारलं, कुणी आहे का. ती म्हणाली, "माझ्याकडे नोंद नाही." मग एकदा मी सरळ छोटीलाच विचारलं. मला वाटतं चांगलं विचारलं, एकाच वाक्यात विचारलं.

ती म्हणाली, "असेल तेव्हा सांगेन."

ती सांगेल असं मला वाटतं. रोज वाटतं असं नाही, पण बऱ्याच दिवशी वाटतं.